बोळ्यावरची लाली

जुनं, पिवळं पडलेलं व्हार्निश काढायला सकाळपासून टेबलावर १७७० च्या सुमाराचं तैलचित्र होतं. व्हर्जिनियातला जमीनदार, मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्याचा, कर्नल. कॅनव्हास ५० बाय ४० इंच, हे त्या काळचं ठरलेलं माप.

आधी अतिनील दिवा. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळी दिसते. कोटावर तसे चारच डाग होते. मग कडेला अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनात चाचणी: १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ४ भाग मिनरल स्पिरिट. कापसाचा बोळा घासायचा नाही, फिरवायचा. तो पिवळा झाला म्हणजे व्हार्निश निघतंय. कोटावर सगळं सुरळीत झालं. छातीवरच्या तांबड्या रेशमी पट्ट्यावर मात्र तिसऱ्या फेरीला बोळा गुलाबी झाला. तिथेच हात थांबवला.

भिंगाखाली कारण दिसलं. चित्रकाराने खाली हिंगूळ, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा लाल रंग, लावून, तो वाळल्यावर वरून किरमिजी रंगाचा पारदर्शक हात दिला होता. अशा हातात तेलाबरोबर राळ मिसळलेली असली, की व्हार्निश विरघळवणारं द्रावक त्यालाही सोडत नाही. पूर्वी कुणीतरी जोर लावून साफ केलं होतं. चुण्यांच्या माथ्यावर नुसता नारिंगी हिंगूळ उरला होता, किरमिजी फक्त कॅनव्हासच्या विणीच्या खाचांत.

हे नुकसान किरकोळ नव्हे. किरमिजी पट्टा आणि गळ्याशी गॉर्जेट, म्हणजे चंद्रकोरीसारखा धातूचा पत्रा, या अधिकाऱ्याच्या खुणा. जमीन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही असायची, हुद्दा मात्र चित्रात दाखवावा लागे. मे १७७२ मध्ये माउंट व्हर्ननला, आपल्या घरी, चित्रकार चार्ल्स विल्सन पीलसमोर बसलेले चाळीस वर्षांचे जॉर्ज वॉशिंग्टनही व्हर्जिनिया रेजिमेंटच्या गणवेशातच आहेत, आणि ती रेजिमेंट त्यांनी १७५८ च्या अखेरीस सोडली होती! पट्टा नारिंगी पडला की असा माणूस निम्मा पुसला जातो.

चेहऱ्याचंही तेच. गालांतली लाली याच जातीच्या रंगाची असेल तर ती उजेडानेच विटते, आणि बघणाऱ्याला माणूस आजारी वाटतो. तिथे नवी लाली भरायची नाही, असं माझं ठाम मत आहे.

पट्ट्यावरचं जुनं व्हार्निश पातळ करून तसंच राहू दिलं. त्यावर नव्या व्हार्निशचा हात, आणि फक्त उघड्या माथ्यांवर, पुढे सहज काढता येईल अशा रंगाचे बारीक ठिपके. गुलाबी बोळा पाकिटात घातला, जागा आणि मिश्रण वर लिहिलं आणि चित्राच्या फायलीत लावला.