महामार्गात जमीन जाते तेव्हा: थ्री-ए ते निवाडा

वर्तमानपत्रात गट नंबर छापून आला की गावात पहिला प्रश्न असतो, 'एकरी किती देणार?' निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या अधिकृत निर्णयापर्यंत, त्याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं. पण निवाड्यात पुढे जे येतं, त्यातलं बरंचसं संयुक्त मोजणीच्या दिवशीच ठरून जातं.

आधी नोटीस कोणत्या कायद्याखाली आली ते वाचा. राष्ट्रीय महामार्गाला 1956 चा कायदा लागतो, शक्तिपीठसारख्या राज्याच्या महामार्गाला 1955 चा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम. कलमं वेगळी आहेत, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातला हरकतीचा नमुना तसाच उतरवून देऊ नका. पुढचं सगळं राष्ट्रीय महामार्गाबद्दल आहे.

थ्री-एची (कायद्याचं कलम 3A, जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून हरकतीला 21 दिवस मिळतात. ही हरकत जमीन महामार्गासाठी घेण्यावर असते. बहुतेक जण तिच्यात 'भाव कमी आहे' असं लिहितात आणि ती तिथेच निकाली निघते. भावाचा विषय पुढे थ्री-जीमध्ये, म्हणजे मोबदला ठरवण्याच्या कलमात, येतो. इथे लिहायचं ते आखणीबद्दल: घर, विहीर किंवा पाट कसा तुटतो, उरलेल्या तुकड्याला वाट राहते का, गटाचं क्षेत्र चुकलंय का. लेखी द्या, पोच घ्या, सुनावणी मागा. थ्री-ए नंतर वर्षाच्या आत थ्री-डी (संपादनाची अंतिम घोषणा) झाली नाही तर थ्री-ए गळून पडते. थ्री-डी झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते, पैसे हातात आले नसले तरी.

आता संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक, संपादन करणाऱ्या यंत्रणेचा माणूस आणि तलाठी बांधावर येतात, तेव्हा घरातलं जाणतं माणूस तिथे हवंच. झाडं जात आणि वय लावून मोजून घ्या. नुसतं 'आंबा 12' लिहिलं तर कलमी की रायवळ, फळावर आलेला की रोप, हे मूल्यांकन करणाऱ्याला कळत नाही आणि तो खालचा आकडा धरतो. विहिरीची खोली आणि बांधकाम, बोअर, जमिनीखालची पाइपलाइन, ठिबक, गोठा, कांदाचाळ, कुंपण, सगळं पंचनाम्यात उतरलं पाहिजे. पाइपलाइन दिसत नाही म्हणून हमखास सुटते. दोन ठिकाणी खणून दाखवा आणि तारखेसह फोटो काढा. अहवालात काही राहिलं असेल तर सही करताना तसं तिथेच लिहा. कोऱ्या तक्त्यावर सही तर करूच नका.

दुसरी गळती सात-बारावर असते. ऊस उभा, पण पीकपाहणीत जिरायत. विहीर आहे, पण नोंद नाही. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी नाव त्यांचंच. वारस नोंद आणि पीकपाहणीची दुरुस्ती थ्री-ए च्या आधी झाली तर उत्तम. नंतर केलेल्या बदलांकडे संशयानेच बघितलं जातं. भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर मोबदला दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि तिथे वर्षानुवर्षं अडकतो. त्यापेक्षा तलाठ्याकडे जाण्याआधी घरात बसून वाद मिटवा.

हिशेब असा. बाजारभाव थ्री-ए च्या तारखेचा धरतात: रेडी रेकनरचा दर किंवा आधीच्या 3 वर्षांतल्या वरच्या निम्म्या खरेदीखतांची सरासरी, जे जास्त असेल ते. त्याला गुणांकाने गुणतात (ग्रामीण भागात 1 ते 2, तुमच्या प्रकल्पाला कोणता लागला ते लेखी विचारा). समजा बाजारभाव 20 लाख, गुणांक 1, झाडं-बांधकाम 5 लाख. बेरीज 25 लाख, तेवढीच दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई), म्हणजे एकूण 50 लाख. शिवाय बाजारभावावर वर्षाला 12 टक्के. खरेदीखतांची यादी दुय्यम निबंधकाकडून स्वतः काढा, कारण कार्यालयाच्या यादीतून चांगल्या भावाचं एखादं खत गळलेलं असू शकतं.

निवाडा पटला नाही तरी पैसे उचलता येतात. 'हरकत राखून' असं लिहून घ्या. पुढे लवादाकडे जाताना खरेदीखतं, मूल्यांकन, फोटो, सगळं पहिल्याच वेळी दाखल करा. लवादाच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण तिथे पुरावा नव्याने तपासला जात नाही.