आजींच्या पदराला लावलेला झेंडा

१९९९ साली मी नववीत होतो. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा कारगिल पेटलेलं, मधल्या सुट्टीतसुद्धा दुसरा विषय नसायचा, त्यामुळे डिसेंबरात पीटीच्या सरांनी ध्वजदिनाचे झेंडे काढले तेव्हा एरवी मागं मागं राहणारी पोरंपण पुढं झाली. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल, वायुदल, आणि सोबत टाचणी. ७ डिसेंबर, १९४९ पासून पाळतात, एवढं सरांनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही झेंडे लावून सैनिकांसाठी पैसे गोळा करायला डबे घेऊन सुटलो.

एसटी स्टँडच्या मागं एक आजी राहायच्या. त्यांनी झेंडा पदराला लावून घेतला, कनवटीचं नाणं डब्यात टाकलं आणि विचारलं, "पोरा, हे पैसं जात्यात कुठं?" मी म्हटलं, सैनिकांना. "आमचं मालक बी फौजेतच व्हते की," एवढं बोलून त्या आत गेल्या. मला काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. शाळा सुटल्यावर सर मला सायकलवर डबलसीट घेऊन थेट त्यांच्या घरी, आजींनी पत्र्याच्या ट्रंकेतून आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, काढलं, सर ते बराच वेळ वाचत बसले. आजोबांची नोकरी नऊ वर्षांचीच झाली होती, घरची शेती बघायला कोणी नाही म्हणून परत आले, आणि जवानाला पेन्शन बसायला साधारण १५ वर्षं लागतात, म्हणजे ते गेल्यावर आजींच्या हातात काहीच नाही. असे फौजी आणि त्यांच्या बायका खेडोपाडी किती असतील हा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला. आपल्याला सैनिक म्हटलं की सीमेवरचाच डोळ्यासमोर येतो.

सरांनी अर्ज लिहिला. डिस्चार्ज बुकात आजींचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, त्याचं प्रतिज्ञापत्र करण्यात दोन चकरा गेल्या, तरी सरांनी कागद जिल्हा सैनिक कार्यालयात पोचवलेच. पुढं आजींना मदत सुरू झाली. सरांनी हे शाळेत कुणाला सांगितलं नाही म्हणून आज मी सांगतोय.

नंतर मी ध्वजदिनाच्या ह्या निधीबद्दल जमेल तेवढं वाचत गेलो. १९९३ मध्ये वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केला, तो केंद्रीय सैनिक बोर्ड बघतं. पेन्शन नसलेल्या, ६५ च्या पुढच्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना महिन्याला ४,००० मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० झाले. मुलांच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नालाही मदत आहे. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरलाही ह्यातूनच हातभार लागतो. तिथं मी एकदा गेलोय, मणक्याला मार लागून कमरेखालचं शरीर गेलेले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही चालत नाहीत त्यातले काही तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. मी बराच वेळ एका चित्रासमोर उभा होतो, काय बोलावं कळेना.

पैसे गोळा करणं आपल्याला जमतं, आपण भावनेनं देतोही, पण ज्याच्यासाठी गोळा केले त्याला तो अर्ज कुठं करायचा हेच माहीत नसतं, हे मला फार लागतं. आता अर्ज ऑनलाइन झालाय, पण ऐंशीच्या घरातली आजी तो कशी भरणार?

म्हणून आमच्या बॅचनं ठरवलंय, शाळेच्या ह्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ध्वजदिनाला मुलांबरोबर डबे घेऊन आम्हीपण फिरणार आणि दुपारी शाळेच्या हॉलमध्ये दोन लॅपटॉप मांडून बसणार. कुणाच्या घरी, शेजारी, वस्तीवर जुना फौजी असेल, त्याची बायको असेल, तर घेऊन या. डिस्चार्ज बुक, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत असू द्या, नावात फरक असला तरी या, ते आम्ही बघतो.