तीन पेन्ससाठी कुणी बंड करतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इतिहास शिकवणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. पौंडभर चहावर तीन पेन्स कर, आणि तेवढ्यासाठी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधल्या बॉस्टनच्या लोकांनी 342 पेट्या चहा समुद्रात ओतला, पुढे इंग्लंडच्या राजाशी लढाई केली. हे पटतं का?

नाही पटत. त्यातून 1773 च्या चहाच्या कायद्यामुळे चहा महाग नव्हे, स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनी (हो, तीच ती) तेव्हा कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या गोदामांत तिचा चिनी चहा पडून होता. पार्लमेंटने तिला तो थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली, इंग्लंडमधली जकातही माफ केली. डचांकडून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही हा स्वस्त पडणार. चोरटा व्यापार करणारे हबकले, पण सरळमार्गी व्यापारीही हबकले, कारण विक्री कंपनीने निवडलेल्या मोजक्या अडत्यांकडेच जाणार होती.

मळीचंही असंच. न्यू इंग्लंडच्या (म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या वसाहतींच्या) रमच्या भट्ट्या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरच्या मळीवर चालत. तिच्यावर 1733 पासून गॅलनला सहा पेन्स कर होता, पण तो भरतो कोण? जकातवाल्याचा हात ओला केला की काम व्हायचं. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने इंग्लंड कर्जबाजारी झालं, तेव्हा 1764 मध्ये कर निम्मा केला गेला आणि या वेळी खरोखरच वसूल करायचं ठरलं. खटले चालणार ज्यूरी नसलेल्या आरमारी न्यायालयांत. कर निम्मा, बोंब दुप्पट.

पुढच्या वर्षी स्टँपचा कायदा आला. वर्तमानपत्रं, करारपत्रं, परवाने, पत्त्यांचे जोड, सगळ्यावर पैसे भरून घेतलेला सरकारी छाप हवा. वकील आणि छापखानेवाले एकाच दमात दुखावले, म्हणजे बोलणारे आणि छापणारे दोघेही विरोधात. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा करून ठेवला: वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच.

माझ्या मते खरी मेख 1767 च्या, इंग्लंडचा अर्थमंत्री टाउनशेंडच्या करांत आहे. काच, शिसं, रंग, कागद, चहा यांवरच्या या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. मॅसॅच्युसेट्समध्ये (बॉस्टन याच वसाहतीतलं) तोवर गव्हर्नरचा पगार तिथली विधानसभा मंजूर करायची. साहेब फार ताणायला लागले की पगार अडवायचा, एवढंच हत्यार लोकांच्या हातात होतं. 1770 मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची ठेवली. 1772 मध्ये तिथल्या गव्हर्नरचा पगार खरंच राजाकडून येऊ लागला. आता विधानसभेची भीड कोण धरणार?

कंपनीची कीर्तीही आधीच पोचली होती. पेनसिल्व्हेनिया वसाहतीतल्या जॉन डिकिन्सनने टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात बंगालच्या दुष्काळाचा दाखला दिला होता: आशियात या लोकांनी काय केलं ते बघा आणि मग त्यांचा चहा प्या. (हे लिहिणाऱ्याच्या पदरी स्वतः गुलाम होते, हेही सांगायला हवं.)

16 डिसेंबर 1773 ला चहा बुडाला. 1774 मध्ये लंडनने बॉस्टनचं बंदरच बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत काढली, आणि एका शहराचं भांडण सगळ्यांचं झालं. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला 13 पैकी 12 वसाहतींचे प्रतिनिधी जमले. फक्त जॉर्जिया नव्हती.

म्हणून तुमचा प्रश्न मी लंडनला विचारेन. चहाचा कायदा करताना विरोधी बाकांवरून सूचना आली होती की ही जकात काढून टाका, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने ऐकलं नाही. ते तीन पेन्स त्यालाही सोडवेनात.