१९७१ : आमच्या चाळीतला ब्लॅकआउट

तेव्हा मी एकवीस वर्षांचा, गिरगावातल्या चाळीत राहायचो. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि लढाई जुंपणार हे नाक्यावरच्या पोरांनाही कळून चुकलं होतं. नागरी संरक्षणाच्या वॉर्डनसाठी मी नाव दिलं.

शिकवणी चार-पाच संध्याकाळचीच. भोंगा चढत-उतरत वाजला की धोका, एकसुरी वाजला की धोका टळला. बॉम्ब पडत असताना पालथं पडायचं, पण छाती जमिनीला टेकू द्यायची नाही. कानांत बोटं, दातांत रुमाल. आगलाव्या बॉम्बवर वाळू टाकायची. हे सगळं दोन दिवसांत पाठ झालं. चाळीला तयार करायला मात्र तीन आठवडे लागले.

काचांवर फुलीसारख्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या, म्हणजे काच फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. बायकांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून दिली, पोरांनी रद्दी कापली. जिन्याखाली वाळूच्या बादल्या ठेवल्या. गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला. लोक मनापासून करत होते. पण सरावाच्या रात्री मी खालून ओरडायचो, "दुसरा मजला, दिवा!" आणि वरून उत्तर यायचं, "अहो, पडदा लावलाय की!"

तेव्हा फौजेतले एक हवालदार सुट्टीवर आले होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि एका पोराला लांबच्या गच्चीवर काडी पेटवायला सांगितली. एवढीशी ज्योत, पण काळोखात डोळा तिच्यावरच जात होता. "वरून असंच दिसतं," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी एकेका बिऱ्हाडाला गच्चीवर नेऊन तेच दाखवलं. मग ओरडावं लागलं नाही.

एकच खोली अडली. तिथल्या वहिनी बाळंतीण होत्या, बाळ दहा दिवसांचं, दिवा घालवून कसं चालेल? मामांनी डालड्याच्या रिकाम्या डब्याचा तळ कापला, आत काळा कागद लावला आणि डबा बल्बवर बसवला. उजेड जमिनीवर ताटाएवढाच पडायचा. बाळाची दुपटी तेवढ्यात बदलता यायची. दोन दिवसांनी मामांना तार आली, सुट्टी रद्द. त्याच रात्रीच्या गाडीने ते गेले.

३ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि खरा अंधार करायची वेळ आली. दत्तजयंती नुकतीच झालेली, चांदणं पिठासारखं पडलं होतं. आम्ही एकूण एक दिवा घालवला तरी कौलं लख्ख दिसत होती. त्या चंद्राची मला जेवढी भीती वाटली तेवढी नंतर कशाचीच वाटली नाही. मध्यरात्रीनंतर रेडिओवर इंदिराबाईंचं भाषण लागलं. आवाज बारीक करून सगळी चाळ एका खोलीच्या दाराशी उभी होती.

पुढचे चौदा दिवस रोज संध्याकाळी चारही मजले फिरायचो. जिन्यात आजीबाई पावलांवरून ओळखायच्या, "तूच ना रे?" विचारायच्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची लढाईही थांबली. पोरांनी काचांवरच्या पट्ट्या ओल्या करून खरवडल्या. वहिनींनी डबा मात्र काढू दिला नाही. "मामांचं पत्र येऊ दे," म्हणाल्या.

पत्र जानेवारीत आलं.