आमची वाटचाल : पुसण्याचे पैसे

इंदूरच्या जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्यात एक आमचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि मशीनवर सांडलेला गोंद काढून देण्याचं. मी आणि माझे मेहुणे भागीदार, हिशेब माझी बायको बघते. सुरुवात केली तेव्हा विंडोज एक्सपी नवं होतं आणि पोट चालायचं ते सीआरटी मॉनिटर (काचेच्या नळीचे, जाडजूड) आणि एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. लॅपटॉप असायचा तो एखाद्या बड्या साहेबाकडे, नाहीतर अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या कुणाच्या तरी मुलाकडे.

गोंदाशी गाठ पडली ती मॉनिटरमध्येच. मोठे कपॅसिटर (वीज साठवणारे पार्ट) हलू नयेत म्हणून कारखान्यात बोर्डावर पिवळट गोंद घालत. त्यातला एक प्रकार वर्षानुवर्षं तापून तपकिरी पडतो, आणि मग त्यातून थोडी थोडी वीज वाहायला लागते, शेजारच्या पार्टांचे पाय गंजतात. मॉनिटर मनात येईल तेव्हा चालतो. बाजाराची पद्धत अशी की पार्ट बदला, पैसे घ्या, परत आला तर परत बदला. मेहुण्यांनी मात्र तो तपकिरी थर मुळापासून खरवडायचा हट्ट धरला. तासन्‌तास जायचे, पण मॉनिटर परत येत नसे. बाकीचे दुकानदार हसायचे. पुढे त्यांनीच किचकट माल आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

लॅपटॉप स्वस्त झाले तसा गोंद बाहेरून यायला लागला. आमचा सीझन गणपतीचा. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, सगळीकडे आरास चाललेली असते. थर्मोकोलला फेविकॉल, मोती-आरशांना फेविक्विक, आणि त्याच टेबलावर गाणी लावलेला लॅपटॉप. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आर्किटेक्चरची मुलं. सबमिशनच्या आदल्या रात्री मॉडेल चिकटवतात, सकाळी डोळे चोळत दुकानात हजर. २०२० च्या लॉकडाऊननंतर तिसरं गिऱ्हाईक वाढलं : ऑनलाइन वर्गात क्राफ्ट करणारी शाळकरी पोरं.

आम्ही पहिल्यांदा विचारतो, कुठला गोंद? जमलं तर ट्यूबच आणा. कारण त्यावर सगळं ठरतं.

पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा, पाण्यातला असतो. ओला असेपर्यंत तो वीज वाहतो, म्हणून घाई इथे करायची : लगेच बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप पालथा घाला आणि घेऊन या. चालू करून बघू नका, हेअर ड्रायर मारू नका. वाळला तरी हा गोंद शहाणा आहे. कोमट डिस्टिल्ड पाण्याने फुगतो, पापुद्रा निघतो. मग ९९ टक्क्यांचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिरवून बोर्ड पूर्ण वाळवायचा.

फेविक्विकच्या जातीचं उलटं. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे भाद्रपदात तर बघायलाच नको. लोक घाईने कापसाने टिपायला जातात. कापसाशी त्याची गाठ पडली की तो इतका तापतो की धूर निघतो, बोट भाजतं. पातळ असल्यामुळे यूएसबीच्या किंवा रॅमच्या खाचेत आपोआप ओढला जातो, आणि खरं नुकसान तिथे होतं, कारण वाळल्यावर तो वीज अडवतो. पण हाच थेंब बोर्डाच्या मोकळ्या जागेवर पडून वाळला असेल तर काही करू नका. भोवती पांढरी भुकटी बसते, दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. अशी मशीन आम्ही तपासून तशीच परत देतो. गिऱ्हाइकाला वाटतं, यांना येत नाही.

आणि नेलपॉलिश रिमूव्हर! त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं. अ‍ॅसिटोनने हा गोंद मऊ पडतो हे खरंच, पण लॅपटॉपचं कव्हर, किबोर्डची बटणं ज्या प्लास्टिकची असतात तेही बहुतेक वेळा विरघळतं. अक्षरं जातात, कव्हर चिकट होतं, आणि स्क्रीनवर लावलंत तर वरची फिल्म कायमची खराब. आमच्याकडे गोंदाने मेलेले लॅपटॉप कमी येतात, गोंद काढताना मारलेले जास्त. आम्ही अ‍ॅसिटोन वापरतो ते कनेक्टरच्या पिनांपुरतं, सुईच्या टोकाने, आधी कोपऱ्यात एक थेंब लावून बघून. खरवडायला अगरबत्तीची बांबूची काडी घासून टोकदार केलेली. धातूचं पातं हातात घ्यायचं नाही, नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

ग्लू गनचा गोंद सोपा. कडेला आयपीए सोडलं की जरा वेळात अख्खा तुकडा सुटून येतो. एपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, मात्र एकदा पक्का झाला की त्याला हात न लावलेला बरा. आणि अ‍ॅक्रिलिक शीट जोडायला मुलं क्लोरोफॉर्म वापरतात, तो सांडला तर काढायला काही उरतच नाही, खालचं प्लास्टिकच वितळलेलं असतं.

आता धंद्याचं. आपल्याकडे माणूस पार्टचे पैसे देतो, हाताचे नाही. रामबागेतल्या एका काकूंचा लॅपटॉप मेहुण्यांनी दिवसभर बसून साफ केला, एकही पार्ट न बदलता. बिल बघून त्या म्हणाल्या, "अरे बाळा, पुसलंच ना फक्त? किबोर्ड बदलला असतास तर गोष्ट वेगळी." हिंदी गिऱ्हाइकांचं तेच, "भैया, साफ ही तो किया है." मेहुणे समजावत बसायचे, मी बिल कमी करायचो, आणि रात्री बायको विचारायची, दिवसभराचे एवढेच?

उपाय तिनेच काढला. कॅमेरा लागणारा मायक्रोस्कोप हप्त्यांवर घेतला आणि त्याचा मॉनिटर काउंटरकडे फिरवून ठेवला. काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला पिना दाखवायच्या, झाल्यावर त्याच पिना परत दाखवायच्या. त्या दिवसापासून घासाघीस थांबली असं नाही, पण "पुसलंच ना" ऐकू येणं बंद झालं. दुसरा नियम : साफसफाईचं बिल नव्या पार्टच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं नाही पाहिजे. जात असेल तर सरळ सांगायचं, बदला. उघडून बघण्याचे पैसे वेगळे, आधी घ्यायचे, मग ओळख कितीही जुनी असो.

हा नियम आता जड जातोय. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपचा किबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटनी ठोकलेला असतो. एका बटणाखाली गोंद गेला तरी कंपनीच्या हिशेबाने अख्खं कव्हर बदलायचं. मेहुणे रिव्हेट कापून, नुसता किबोर्ड घालून, पुन्हा पक्कं करून देतात. त्यात मेहनत इतकी की निम्म्याचा नियम परवडत नाही, आणि कव्हरची किंमत ऐकून मध्यमवर्गीय माणूस उठून जातो. बायको म्हणते, या एका कामाला नियमातून वगळा. मेहुणे म्हणतात, नियम मोडायचा नाही, काम घ्यायचं नाही. मी सध्या काम घेतो आणि बिल तिला करायला सांगतो.