आईचं बीपी आणि लोणच्याची बरणी
आज आईला डॉक्टरांकडे नेलं, बीपी १६०/९६ निघालं. आई लगेच म्हणाली, अहो मी भाजीत मीठ कमीच घालते. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, आणि लोणचं, पापड, फरसाण? आई गप्पच.

मग त्यांनी केसपेपरच्या मागे किडनीचं चित्र काढून समजावलं, ते डोक्यात फिट बसलं. मीठ जास्त झालं की ते शरीरात पाणी धरून ठेवतं, रक्त वाढतं पण वाहिन्या तेवढ्याच, मग दाब वाढणारच ना. आणि किडनीला दाब कमी वाटला की ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडवतं, ते किडनीला सांगतं मीठ बाहेर टाकू नको, मागे घे, आणि मिठामागे पाणी आलंच. आईची रोजची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन, ती नेमकं ह्या अँजिओटेन्सिनलाच अडवते. इतकी वर्षं मी ती आणून देतोय आणि कधी विचारलंच नाही, खरंच वाईट वाटलं.

दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात पाव, बिस्किटं सगळं आलं. सैंधवही मीठच बरं का, आमच्याकडे ते उपासाला सढळ हाताने पडायचं.

घरी आल्यावर आईने स्वतःच कैरीच्या लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, चार लिंबं घेऊन ये रे.