तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत जास्त मतं मिळवणारा हरतो कसा?

दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी आपल्याकडे टीव्ही लागतो आणि पडद्यावर पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन हीच नावं फिरत राहतात. मग विचारणा सुरू होते. "एवढा मोठा देश, आणि या पाच-सात राज्यांचंच काय घेऊन बसलेत?" "जास्त मतं पडूनही हिलरी क्लिंटन हरल्या कशा?" ज्यांची माणसं तिकडे आहेत त्यांचा प्रश्न जास्त नेमका असतो: "न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मुलीकडे प्रचाराला कुणी फिरकत नाही, आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या भाच्याच्या दाराची बेल रोज वाजते. असं का?"

या शेवटच्या प्रश्नात बाकीच्यांचंही उत्तर आहे. डेलावेअर नदीच्या दोन्ही तीरांवर तीच माणसं, तसेच पगार, तशीच घरं. पण न्यू जर्सीने १९८८ नंतर एकदाही रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, आणि पेनसिल्व्हेनियाने २०१६, २०२० आणि २०२४ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत तीनदा कूस बदलली. मुलीच्या मताने निकाल हलणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे, आणि भाच्याच्या मताने हलू शकतो हेही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची एक देशव्यापी निवडणूक होतच नाही. एकाच दिवशी ५१ वेगवेगळ्या निवडणुका होतात, ५० राज्यांच्या आणि एक राजधानी वॉशिंग्टनची. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. कॅलिफोर्नियाला ५४, टेक्सासला ४०, पेनसिल्व्हेनियाला १९, चिमुकल्या वायोमिंगलाही ३. एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत आणि राजधानीत जो पहिला येईल त्याला सगळे इलेक्टर, दुसऱ्याला शून्य. हा नियम राज्यघटनेत नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं आहे, आणि सगळं किंवा काहीच नाही ही पद्धत राज्यांनी आपापल्या सोयीने घेतली. १८०० साली व्हर्जिनियाने उमेदवार थॉमस जेफरसनच्या फायद्यासाठी ती स्वीकारली, मग बाकीच्यांना मागे राहणं परवडेना. फक्त मेन आणि नेब्रास्का वेगळे वागतात: दोन इलेक्टर राज्यभरातल्या विजेत्याला आणि उरलेले मतदारसंघागणिक एकेक.

या नियमामुळे लीड वाया जातं. आपल्याकडे लोकसभेला एखादा चार लाखांनी निवडून आला तरी पक्षाची जागा एकच वाढते, तसंच. २०१६ साली क्लिंटन यांना एकट्या कॅलिफोर्नियात ४२ लाखांहून जास्त मताधिक्य होतं आणि देशभरात २८ लाखांहून जास्त. त्या लीडचा उपयोग शून्य, कारण मिशिगन १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेलं. तिन्ही मिळून ७८ हजारांच्या आत, आणि तेवढ्यात ४६ इलेक्टर हातचे गेले.

हा २०१६ पुरता अपघात नव्हता. २०२० साली बायडन देशभरात सुमारे ७० लाखांनी पुढे होते, तरी अॅरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ एवढाच फरक होता. हे ४३ हजारांहून कमी मतांचं अंतर उलटं पडलं असतं, तर दोघांचे २६९-२६९ होऊन निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली असती. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. कॅलिफोर्नियालाही एक, वायोमिंगलाही एक. त्या वेळी जास्त राज्यांची शिष्टमंडळं रिपब्लिकनांच्या हातात होती. सत्तर लाखांची आघाडी असा काठावर तोल सांभाळत उभी होती.

स्विंग स्टेटची, म्हणजे कधी या तर कधी त्या पक्षाकडे झुकणाऱ्या राज्यांची, यादी मात्र कायमची नसते. २००० साली सगळ्या जगाचं लक्ष फ्लोरिडावर होतं, आणि ओहायो तर वर्षानुवर्षं कसोटीचं राज्य मानलं जायचं. आज दोन्ही रिपब्लिकनांकडे पक्की झुकलेली आहेत. उलट जॉर्जिया १९९६ ते २०१६ सलग रिपब्लिकन होतं, ते २०२० ला डेमोक्रॅटांकडे गेलं. २०२४ ची सात राज्यं म्हणजे पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अॅरिझोना आणि नेवाडा. सातही ट्रम्प यांनी घेतली.

आता मतदानाच्या टक्क्याकडे येऊ, कारण इथे लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. ही राज्यं कुंपणावर बसलेल्या मतदारांमुळे फिरतात असं वाटतं. कुंपणावरचे असतात, पण थोडे. मोठा गठ्ठा असतो तो ज्यांचं मत कुणाला हे ठरलेलं आहे, पण ते केंद्रापर्यंत पोचतील की नाही याची खात्री नाही, अशांचा. हिशेब असा: समोरच्याचा एक मतदार फोडला तर फरक दोन मतांनी बदलतो, आपला घरी बसलेला बाहेर काढला तर एकाने. म्हणजे फोडणं दुप्पट मोलाचं. पण फुटणारा माणूस शोधायला महिने जातात, आणि घरी बसणाऱ्यांची यादी तयार मिळते.

यादी खरोखरच तयार मिळते. तुम्ही कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण मत दिलं की नाही हे सरकारी मतदार यादीत नोंदलेलं असतं आणि पक्षांना ती यादी मिळते. त्यावर ते प्रत्येक माणसाला दोन गुण लावतात: आपल्याकडे किती झुकलेला आणि मतदानाला येण्याची शक्यता किती. दोन्हींत वर असलेल्याच्या दारावर वेळ घालवत नाहीत. झुकलेला, पण येण्याची शक्यता निम्मी, अशांचे पत्ते गल्लीवार कापून कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर देतात. भाच्याची बेल वारंवार वाजत असेल तर बहुधा तो या रकान्यात आहे. लवकर मतदान करून टाकलं की एक-दोन दिवसांत नाव यादीतून उतरतं आणि बेल थांबते.

दार वाजवण्याचा परिणाम मोजलेला आहे. १९९८ साली न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या संशोधकांनी केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष भेटीने मतदान स्पष्ट वाढलं, व्यावसायिक फोन कॉलने नाही. २००६ साली मिशिगनमध्ये त्यांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्याबरोबर १ लाख ८० हजार घरांवर प्रयोग केला. काही घरांना एक पत्र गेलं. त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मतदान केलं की नाही ते नावानिशी छापलेलं, आणि निवडणुकीनंतर सुधारित यादी पुन्हा पाठवू अशी सूचना. पत्र न मिळालेल्यांचं मतदान २९.७ टक्के, हे पत्र मिळालेल्यांचं ३७.८ टक्के. एका कागदाने आठ टक्के. ती ऑगस्टमधली प्राथमिक, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी, निवडणूक होती, अध्यक्षीय निवडणुकीत एवढी वाढ मिळत नाही. पण शेजाऱ्याला कळेल ही भावना माणसाला घराबाहेर काढते, हे आळीत आणि चाळीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

विस्कॉन्सिनचंच गणित करून बघा. तिथे निवडणूक गावपातळीवर चालते, सुमारे १,८५० नगर आणि ग्राम कारकून ती सांभाळतात. २०१६ चा २२,७४८ चा फरक एवढ्या गावांत वाटला तर दर गावामागे बारा मतं येतात. बारा म्हणजे कुणाची शिफ्ट बदलली, कुणाची गाडी बंद पडली, कुणाकडे चालू पत्त्याचा पुरावा नव्हता. प्रत्यक्षात घट अशी सारखी पसरलेली नव्हती. एकट्या मिलवॉकी शहरात २०१२ च्या तुलनेत सुमारे ४१ हजार मतं कमी पडली, राज्याच्या फरकाच्या जवळपास दुप्पट. अध्यक्षीय निवडणुकीत फोटो ओळखपत्राची सक्ती तिथे पहिल्यांदाच लागू झाली होती, ओबामा मतपत्रिकेवर नव्हते, आणि क्लिंटन अंतिम प्रचारात त्या राज्यात एकदाही गेल्या नव्हत्या. यातलं कोणतं कारण किती, यावर अभ्यासक भांडतात. माझ्या मते तिसरं सर्वांत अक्षम्य होतं. ज्या मताला गृहीत धरलं जातं ते घरी बसतं.

मात्र यावरून ‘टक्का वाढला की डेमोक्रॅट जिंकतात’ हे सूत्र काढू नका. पूर्वी ते बरंच लागू पडायचं, २०२४ ने ते मोडलं. जॉर्जिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये २०२० पेक्षा जास्त मतं पडली आणि तिन्ही ट्रम्प यांना गेली. कॅलिफोर्नियात एकूण मतं १.७५ कोटींवरून १.५९ कोटींच्या आसपास घसरली, आणि अध्यक्षपदाच्या निकालाला त्याने धक्काही लागला नाही. टक्का महत्त्वाचा आहेच, पण कुठला आणि कुणाचा, हे त्याआधी विचारायला हवं. याच निवडणुकीत नेब्रास्कातल्या ओमाहाचा मतदारसंघ डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांना मिळाला आणि त्यांचे २२६ इलेक्टर झाले. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया मिळाली असती तर त्यांचे बरोबर २७० भरले असते, आणि ओमाहाचा एक नसता तर २६९. त्या वर्षी नेब्रास्काचा नियम बदलून सगळे इलेक्टर एकालाच देण्यासाठी एवढी धावपळ का झाली, ते या एका आकड्यात दिसतं.

केंद्रापर्यंत पोचलेलं मतही मोजलं जाईलच असं नाही. पेनसिल्व्हेनियात २०१९ च्या कायद्याने कारण न देता पोस्टाने मत द्यायची सोय झाली. घरी पाकीट येतं, त्यात मतपत्रिका आणि दोन लिफाफे असतात. मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या लिफाफ्यात घालायची, त्यावर काहीही लिहायचं नाही. तो बाहेरच्या लिफाफ्यात घालून मागच्या प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि तारीख टाकायची. घाईत लोक आतला लिफाफा विसरतात. अशा उघड्या मतपत्रिका बाद, हे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. तारखेच्या चुकीवरून तर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आहे. एवढा प्रचार ऐकून ठाम झालेलं मत या एका कागदी लिफाफ्यापाशी मरतं. शिवाय पोस्टाचा शिक्का चालत नाही, मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत पाकीट काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कार्यालयात पोचलंच पाहिजे. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीत टाकू नका, हातानं नेऊन द्या. ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडता येत नाहीत, म्हणून रात्रीचा आकडा पहाटेपर्यंत सरकत राहतो. त्यात घोटाळा नसतो, मोजण्याचा क्रम असतो.

मतपत्रिकेच्या मांडणीनेही निकाल फिरलेला आहे. २००० साली फ्लोरिडाच्या पाम बीच काउंटीत उमेदवारांची नावं डाव्या आणि उजव्या पानावर आणि छिद्रं पाडायची ओळ मधोमध, अशी मतपत्रिका होती. डावीकडे रिपब्लिकन बुश पहिले, त्यांच्याखाली डेमोक्रॅट गोर. पण दुसरं छिद्र उजव्या पानावरच्या, एका छोट्या पक्षाच्या ब्युकॅनन यांचं होतं, गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं मिळाली. १९ हजारांहून जास्त मतपत्रिकांवर दोन-दोन छिद्रं पडून त्या बाद झाल्या. फ्लोरिडाचा अंतिम फरक होता ५३७, राज्यातल्या ६७ काउंट्यांत वाटला तर काउंटीमागे आठ.

तिकडे नागरिक झालेल्या आपल्या माणसांसाठी एवढं लक्षात ठेवा. ग्रीन कार्डावर मतदान करता येत नाही. लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा चौकोन चुकूनही भरू नका, तो गुन्हा ठरून देशाबाहेर जायची वेळ येऊ शकते. नागरिकत्वाची शपथ घेतली म्हणजे नाव आपोआप यादीत चढलं असं समजू नका, नोंदणी वेगळी करायची असते. जॉर्जियात ॲटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ काउंटी आणि जॉन्स क्रीक भागात भारतीय वस्ती दाट आहे, आणि नेमकी तिथली अडचण मराठी नावाची. नागरिकत्वाच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि लायसन्सवर मधलं नाव गायब किंवा पहिल्याला चिकटलेलं. नोंदणी अर्ज लायसन्सच्या नोंदींशी ताडून बघतात, आणि २०१९ पर्यंत नाव जुळलं नाही तर अर्ज अडकून पडायचा. लायसन्स ग्रीन कार्डाच्या काळातलं असेल तर नोंदीत तुम्ही अजून परदेशी नागरिक दिसता आणि पुरावा मागितला जातो. म्हणून नागरिकत्व मिळाल्याबरोबर आधी लायसन्स नव्याने करून घ्या, दाखल्यावर आहे तसंच अक्षर अन् अक्षर नाव लावा, मग मतदार नोंदणी करा आणि पंधरा दिवसांनी राज्याच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधून बघा.

मुदतीही राज्यागणिक निराळ्या. २०२४ साली जॉर्जिया आणि अॅरिझोनात ७ ऑक्टोबरला नोंदणी बंद झाली, पेनसिल्व्हेनियात २१ ऑक्टोबरला. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मात्र ५ नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशीच, राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन नाव नोंदवता येत होतं आणि तिथल्या तिथे मत देता येत होतं. विजेचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट चालतं, त्यावर पत्ता सध्याचाच हवा. मिशिगनमध्ये त्यासाठी मतदान केंद्रावर न जाता गावच्या क्लार्कच्या कार्यालयात रात्री ८ च्या आत पोचावं लागतं.